तुम्ही विचारलंत म्हणून: पावसाळ्यात टँडम घरात कशाला चालवता?

बेळगावच्या वडगावात आम्हा दोघी जावांना ओळखणारा प्रत्येक जण हे कधी ना कधी विचारतोच. जूनमध्ये पाऊस लागला की आमची दोन सीटची सायकल रस्त्यावर दिसेनाशी होते आणि संध्याकाळी मागाच्या खोलीतून घरघर ऐकू यायला लागते. मग भाजीवाल्या मावशींपासून सायकल ग्रुपमधल्या पोरांपर्यंत सगळ्यांचं एकच. चार महिने सायकल पुसून ठेवून द्यावी, दसऱ्याला पूजा करून बाहेर काढावी, ते सोडून घरात जागच्या जागी सायकल चालवायच्या या रोलरचं काय काढलंय? आणि एवढी लांब सायकल त्यावरून पडत कशी नाही?

दोघींचे पाय एकमेकींना कळावेत म्हणून आम्ही हे करतो. दम टिकतो, गुडघे मोकळे राहतात, हे फायदे आहेतच, पण तेवढ्यासाठी दोरीच्या उड्याही पुरल्या असत्या. रस्त्यावर आमच्यातला जो बेमेळ जाणवतही नाही तो रोलरवर पहिल्या मिनिटात उघडा पडतो. पावसाळा आम्ही त्या कामासाठी राखून ठेवलाय.

बाहेर का नाही, हे बेळगावच्या माणसाला सांगायला नको. एकदा झड लागली की ती गणपतीपर्यंत मान वर करू देत नाही. आमचा आवडता रस्ता जांबोटीचा, पुढे कणकुंबी, मग चोर्ला घाट. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरचं गाव. तिथला पाऊस शहरातल्यासारखा दम खात पडत नाही. धुकं, शेवाळलेल्या कडा, पाण्याखाली गेलेले खड्डे. साध्या सायकलच्या दोन चाकांत साधारण एक मीटर अंतर असतं, टँडमला पावणेदोन मीटरच्या आसपास. त्यामुळे ती चटकन वळत नाही, खड्डा चुकवायला तिला जागा लागते. त्यात दोघींचं वजन एकाच जोडी ब्रेकवर. आमचे ब्रेक रिमला दाबणारे आहेत. रिम ओली असली की रबर आधी पाणी निपटतं आणि मग धरतं, तेवढ्यात सायकल कुठच्या कुठे गेलेली असते. कोरड्या दिवसांतही लांब घाट उतरताना ब्रेक धरून ठेवला की रिम तापते, म्हणून पुष्कळ टँडमना मागच्या चाकात ड्रमचा तिसरा ब्रेक बसवतात. तेव्हा पावसात घाट नाही, हे आमचं ठाम आहे. त्यावर कुणी कितीही आग्रह केला तरी आम्ही बधत नाही.

ज्यांनी रोलर पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका चौकटीत तीन ड्रम आडवे बसवलेले असतात. मागचं चाक दोन ड्रमच्या मधल्या खोबणीत बसतं, पुढचं चाक तिसऱ्या ड्रमवर. मागच्या जोडीतला पुढचा ड्रम आणि हा तिसरा ड्रम एका गोल पट्ट्याने जोडलेले असतात, म्हणजे पेडल मारलं की पुढचं चाकही फिरतं. हा पट्टा म्हणजे सगळ्यातली मुख्य गोष्ट. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला पुढचं चाक किंचित वळतं आणि ती सावरते. तोल राहतो तो असा. पुढचं चाक फिरतच नसेल तर हे सावरणं होत नाही. सायकल कशालाही बांधलेली नसते. रस्त्यावर तोल सांभाळता तसाच इथेही सांभाळायचा, फक्त पुढे जायचं नाही.

मागचं चाक पकडून ठेवणारा ट्रेनर का घेतला नाही, असंही विचारतात. एक तर तो बसत नाही. टँडमचं मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, बहुधा १४५ मिलिमीटर रुंद असतं, रोड सायकलचं १३० किंवा १३५. दुसरं असं की दोन माणसं डुलतायत आणि मागचा आस जखडलेला आहे, हा ताण फ्रेमवर येतो. आणि मुख्य म्हणजे त्यात तोल सांभाळावाच लागत नाही. आम्हाला शिकायचं होतं तेच नेमकं त्यात नाही.

बाजारात मिळतो तो रोलर एकट्याच्या सायकलच्या मापाचा असतो. तो आम्ही उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, वाढवून घेतला. बेळगावात राहण्याचं हे एक सुख आहे. ओतकाम, लेथ, वेल्डिंग, बेअरिंगची दुकानं, सगळं एका फेरीत होतं. थोरले दीर तिथेच टर्नर आहेत. त्यांनी चौकट मधोमध कापली, दोन्ही बाजूंना चौकोनी पाइपचे तुकडे घातले आणि शेजारच्या शेडमधून वेल्डिंग करून घेतलं. वेल्डिंगवाले कानडी बोलणारे, आम्ही मराठी, भावोजी दोन्हीत तरबेज, आणि माप सगळ्यांचं मिलिमीटरमध्ये. दोघी आणि सायकल मिळून वजन सव्वाशे किलोच्या वर जातं, म्हणून शाफ्ट जाड घातला आणि बेअरिंगं त्या मापाची. लांबलेली चौकट मधे वाकू नये म्हणून खाली सागवानी ठोकळा आहे. पुढच्या ड्रमसाठी भावोजींनी नुसतं भोक न पाडता लांबट खाच ठेवली, म्हणजे तो मागेपुढे सरकवता येतो. ड्रमचा मध्य पुढच्या चाकाच्या आसाच्या बरोबर खाली किंवा बोटभर पुढे हवा. तो मागे राहिला तर चाक ड्रमवरून पुढे उतरू पाहतं.

पट्ट्याचं काम मला फार आवडलं. दोन ड्रममधलं अंतर पाऊण मीटर वाढलं की पट्टा दीड मीटर वाढतो, कारण तो जाऊन परत येतो. पॉलियुरेथेनचा गोल पट्टा मीटरवर मिळतो. तो मापाने कापायचा, गरम पात्याच्या दोन्ही बाजूंना दोन टोकं टेकवून धरायची, ती मऊ होऊन वितळायला लागली की पातं चटकन काढून टोकं एकमेकांवर दाबायची आणि गार होईपर्यंत हात हलवायचा नाही. जोडाभोवती मणी येतो. तो ब्लेडने तासून पट्ट्याच्या जाडीइतका करावा लागतो, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला जोड ड्रमवर टक् करतो आणि ती टकटक हँडलमध्ये येते. भावोजींनी तो असा तासलाय की बोट फिरवून जोड सापडत नाही.

खोली जुन्या मागाची. वडगाव-शहापूरकडे घराघरात साडीचे माग होते, आमच्याकडेही होते. आता माग नाहीत, पण त्यांच्यासाठी केलेली जाड, सपाट फरशी आहे, आणि रोलरला तशीच लागते. फरशीला उतार असला की सायकल सारखी एका कडेला जायला बघते. घरघरीचं म्हणाल तर या गल्लीने मागांची खडखड ऐकलेली आहे, कुणी तक्रार केली नाही.

चढायची रीत वेगळी. रस्त्यावर पुढची बाई दोन्ही पाय जमिनीला टेकवून, ब्रेक आवळून सायकल धरते, मागची चढून बसते आणि मग निघायचं. रोलरवर सायकल वर उचललेली असते, पाय पोचत नाहीत. म्हणून दोन्ही बाजूंना लाकडी खोकी आहेत, डाव्या हाताला भिंत आणि उजवीकडे जुनी गादी. मी खोक्यांवर उभी राहते, अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, भिंतीला हात लावून बसतात, मग मी बसते. वेग आल्यावरच भिंत सोडायची. सावकाश चालवताना चाक वळवळतं, वेगात ते सरळ राहतं. खाली चाकाकडे बघायचं नाही, समोर भिंतीवर एक जागा धरायची. आम्ही कॅलेंडरचा खिळा धरतो. आणि चाक घसरलंच तर? सायकल सुसाट जाऊन भिंतीवर आपटत नाही. आपण जागच्या जागी असतो, फिरत असतात ती फक्त चाकं, जमिनीला लागली की थांबतात. कलंडायची भीती खरी, गादी त्यासाठीच.

आता पायांचं. टँडमवर दोन जोड्या पेडल असतात आणि आमच्या सायकलला डाव्या बाजूच्या वेगळ्या चेनने त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. एकीचा पाय फिरला की दुसरीचा फिरतोच. एकटीने थांबायची सोय नाही. पुढची हँडल, गिअर, ब्रेक सांभाळते, मागचीला रस्ता दिसत नाही, माझी पाठ दिसते. घरात अक्का थोरल्या, सायकलवर मी पुढे, कारण मी उंच आहे आणि थांबल्यावर सायकल पेलायची असते. मागचं हँडल वळत नाही, ते माझ्या सीटच्या दांड्याला बसवलेलं आहे. अक्कांनी ते ओढलं की मला सीटमध्ये कळतं.

रस्त्यावर दोघींच्या वजनाचा जोर असतो. अर्धा फेरा एकीचा पाय उशिरा दबला तरी सायकल आपल्या नादात पुढे जात राहते, कुणाला पत्ता लागत नाही. रोलरवर जोर असतो तो फक्त चाकांत आणि ड्रममध्ये, तो लगेच संपतो. त्यामुळे प्रत्येक पेडल ऐकू येतं. दोघींचा दाब एका वेळी पडत असेल तर ड्रमचा आवाज एकसुरी, लांब, सतत. एकीचा मागे पडला की तोच आवाज प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला फुगतो आणि बसतो. आम्ही बोलणं बंद करतो आणि तेवढंच ऐकतो. अक्का मला म्हणतात, "उजवा पाय वर येताना ओढतेस बघ." माझा गुडघा त्यांना दिसत नसतो, त्यांना आवाजातून कळतं. डुलण्याचंही तसंच. अक्कांनी पाण्याच्या बाटलीसाठी वाकताना खांदा टाकला की पुढचं चाक ड्रमवर दोन बोटं सरकतं. आता त्या आधी पोट आवळतात आणि मग नुसता हात खाली नेतात. चाक हलत नाही.

एक सराव आमचा ठरलेला आहे. थोडा वेळ मी पाय नुसते फिरवत ठेवते, दाब सगळा अक्कांचा. मग उलट. "मागची नुसती बसते ना हो?" असं विचारणाऱ्यांना आम्ही हा सराव बघायला बोलावतो. मी दाब सोडलेला असताना अक्कांनीही सोडला तर ड्रम काही क्षणांत मंदावतो; त्या दाब देत असल्या तर तो तसाच घुमत राहतो. बघणारा गप्प होतो आणि अक्कांकडे वेगळ्या नजरेने बघतो. हे मला मनापासून हवं असतं. जांबोटीच्या प्रत्येक चढावर अर्धं काम त्यांनी केलेलं आहे आणि लोक शाबासकी मला देतात.

गिअर बदलतानाही असंच. गिअर पडताना दाब हलका हवा, नाहीतर चेन कडाडते. मी "सोडा" म्हणायचे, त्या सोडायच्या, मग "धरा". रोलरवर करता करता त्यांना माझ्या अंगठ्याच्या हालचालीआधीच पाठीवरून कळायला लागलं. पावसानंतर येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढाला गेलो तेव्हा सबंध चढ बोलावं लागलं नाही. रोलरचं फळ ते.

रोलरवरच्या वेगाच्या आकड्यांना मात्र भुलू नका. टँडमची सपाटीवरची मोठी ताकद म्हणजे दोघांना मिळून जवळजवळ एकाच माणसाचा वारा कापावा लागतो. खोलीत वाराच नसतो, म्हणजे तो फायदाही नाही. आम्ही मीटर झाकून ठेवतो.

वारा नसल्याचा खरा त्रास घामाचा. जुलैत बेळगावात हवा गार असते, तरी बंद खोलीत थोड्या वेळात कपडे पिळून काढावे लागतात. समोरचा पंखा मला पुरतो, अक्कांपर्यंत माझ्या पाठीमुळे वारा पोचतच नाही. त्यांना बाजूने, स्टुलावर ठेवलेला वेगळा पंखा हवाच. फ्रेमवर पंचा टाकायचा, घामाच्या खाराने बोल्ट गंजतात. आणि पावसात लाइट जाते, तेव्हा इन्व्हर्टरवरचा एक दिवा चालू ठेवा. अंधारात खिळा दिसेनासा झाला की तोल जातो.

हा उद्योग आमच्या डोक्यातून निघालेला नाही. ट्रॅकवरचे सायकलपटू शर्यतीआधी रोलरवरच अंग गरम करतात, आणि विजापूर-बागलकोटकडून राष्ट्रीय पातळीवर खेळणारी मुलंमुली येतात त्यांना हे सगळं पाठ असतं. टँडमची वेगाची शर्यत १९७२ च्या म्युनिकपर्यंत ऑलिम्पिकमध्ये होती. पॅरालिम्पिकमध्ये टँडम आजही आहे: पुढे डोळस, मागे दृष्टिहीन खेळाडू. त्या मागच्या खेळाडूंचं कौशल्य काय असेल, हे अक्कांच्या जागी डोळे मिटून बसल्यावर मला थोडंफार उमगलं.

उभं राहून पेडल मारणं आम्ही रोलरवर करत नाही, ते रस्त्यावरच. बाकी ज्यांच्याकडे टँडम आहे त्यांनी जरूर करून बघा. टायर गुळगुळीत घ्या, हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरा, पण टायरवर लिहिलेल्या मर्यादेत. पहिले काही दिवस तिसऱ्या माणसाला बाजूला उभं करा. रोलर वाढवून हवा असेल तर भावोजींना विचारते. येताना पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचं माप तेवढं घेऊन या. अंदाजे चालत नाही, पट्टा त्यावर कापायचा असतो.