दर सोमवारी मरणारी पिल्लं: माझा अनुभव

पहिली दोन पिल्लं गेली तेव्हा आम्ही उन्हाला बोल लावला. एप्रिल होता, इंदुरात पारा चाळिशीला टेकलेला, आणि मागच्या अंगणातल्या खुराड्यावर दुपारी दोनपर्यंत सावली येत नाही. वीस कडकनाथ पिल्लं झाबुआकडून आणली होती, तीन आठवड्यांची झाली होती. सोमवारी सकाळी मी शाळेत निघाले तेव्हा पायात पायात येत होती. संध्याकाळी येऊन बघते तर दोन आडवी. दुसऱ्या दिवशी आणखी एक. अंगावर जखम नाही, विष्ठेत रक्त नाही, नाकाडोळ्यांतून पाणी नाही. लिंबाखाली खड्डा केला आणि पुरून टाकली.

शेजारच्या भाभींनी नजर लागल्याचं सांगितलं. समोरच्यांनी मात्र थेट बर्ड फ्लूचं नाव काढलं. त्यांचंही चुकीचं नव्हतं. 2020 च्या डिसेंबरअखेर डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले होते, भोपाळच्या प्रयोगशाळेने एच5एन8, म्हणजे बर्ड फ्लूचाच एक विषाणू, सांगितला होता, आणि तेव्हापासून आमच्या गल्लीत मेलेलं पाखरू दिसलं की लोक लांबून जातात. पण आमच्या चार मोठ्या कोंबड्या त्याच अंगणात मजेत फिरत होत्या. रोग इतका वय बघून येईल का, असं माझ्या मनात आलं होतं. दुर्दैवाने ते तिथेच सोडून दिलं.

औषधाच्या दुकानात विचारलं. या वयात रक्ती हगवण लागतेच, म्हणून त्याने त्यावरचं अ‍ॅम्प्रोलियम दिलं, आणि उन्हासाठी इलेक्ट्रोलाइटची पुडी. दोन्ही पाण्यात कालवून रोज ठेवू लागले. बुधवार ते रविवार एकही पिल्लू मेलं नाही. मी निश्चिंत झाले. सोमवारी तीन मेली.

मंगळवारी पहाटे सातवं. या वेळी पुरलं नाही. पशुपालन खात्यातून निवृत्त झालेल्या ओळखीच्या काकांना फोन केला, ते चिडलेच. म्हणाले, सहा पिल्लं मातीत घातलीस म्हणजे सहा पुरावे घातलेस. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घे, पिल्लू दोन पिशव्यांत गुंडाळ, पण फ्रीझरमध्ये ठेवू नकोस, गोठलं की आतलं बघण्यासारखं राहत नाही. एखादं माना टाकलेलं जिवंत पिल्लूही घे. आणि महूला जा.

महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आमच्यापासून तासाभरावर. तिकडे कामं असूनही तिथे जायचं कधी सुचलं नव्हतं, कुत्र्यामांजरांसाठी आणि गाईम्हशींसाठी असतं ते, अशी माझी समजूत. शाळेत अर्ज टाकला, स्कूटरवर पुढे डबा, मागे टोपली, आणि निघाले. टोपलीतलं पिल्लू धड उभं राहत नव्हतं, पाय पसरून लडखडत होतं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी कात्री हातात घेण्याआधी बरंच विचारलं. लसी? सातव्या दिवशी राणीखेतची लासोटा, चौदाव्या दिवशी गंबोरोची; दोन्ही कोंबड्यांचे विषाणूरोग. काय खातात? चिक स्टार्टर, पिल्लांचं तयार खाद्य. पाणी? दोन भांडी, सकाळी भरते. मग त्या म्हणाल्या की कडकनाथ आहे, तुरा-कातडी-मांस सगळं काळपट, तेव्हा रंगावरून फार काही बोलता येणार नाही. इतर कोंबडीत तुरा निळा पडला, कातडी फिकी झाली की कळतं. इथे रंगापेक्षा सूज, पाणी आणि रक्त बघावं लागेल.

पोट उघडलं तसं पाणी बाहेर आलं. हृदयाभोवतीही पाणी होतं. आंधळ्या आतड्याच्या दोन्ही नळ्या त्यांनी चिरून दाखवल्या, रक्त नव्हतं, म्हणजे ज्या हगवणीचं औषध मी देत होते ती नव्हतीच. गंबोरोत शेपटीजवळची जी गाठ सुजते तीही ठीक होती. राणीखेतच्या खुणा नव्हत्या. मग गळ्याखालची दाण्याची पिशवी कापली.

आत पिवळा चुरा होता. आणि दोन-तीन ओव्याचे दाणे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं आणि लगेच घशात अडकलं. आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, दर रविवारी सकाळी पोहे-जलेबी आणायला जातात आणि नमकीनवाल्याकडून डब्याच्या तळाची शेव घेऊन येतात. विकायला उपयोगाची नसते, तो फुकट देतो. मोठ्या कोंबड्यांना ते मूठभर टाकतात. पिल्लांना मात्र बारीक दाणा बरा म्हणून तळहातावर चुरून. रविवारी संध्याकाळी आणि उरलेला सोमवारी सकाळी. "काय खातात" या प्रश्नाच्या उत्तरात ती शेव माझ्या तोंडी आलीच नाही. माझ्या लेखी तो लाड होता.

मॅडमनी कागदावर मिठाचा हिशोब मांडला. घरी येऊन आमच्या खाण्यातल्या शेवेचं पाकीट पाहिलं तर तोही जुळला: शेवेच्या 100 ग्रॅमात 900 मिलिग्रॅम सोडियम, सोडियमचं मीठ काढायला अडीचने गुणलं की सव्वादोन ग्रॅम मीठ. पिल्लांच्या खाद्यात ते अर्धा टक्काही नसतं. शिवाय तळाच्या चुऱ्यात मसाला साचलेला. कोवळ्या पिल्लाच्या मूत्रपिंडाला इतकं मीठ बाहेर टाकता येत नाही. मोठी कोंबडी बागेतल्या नळाखाली हवं तेवढं पाणी पिऊन निभावून नेते. आमची पिल्लं कोंडलेली, भांडी दुपारपर्यंत कोरडी. आणि वरून मी पाण्यात इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आणखी मीठ, घालत होते. दुकानदाराला शिव्या द्याव्यात असं वाटलं, पण त्याला तरी मी कुठे सगळं सांगितलं होतं.

मीठ शवविच्छेदनात दिसत नाही, दिसतात त्याचे परिणाम, आणि ते दुसऱ्या कशानेही होऊ शकतात, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं. यकृताचा तुकडा जंतूंच्या तपासणीला ठेवून घेतला. आठवड्याने निरोप आला, काही वाढलं नाही.

पाण्याबाबत एक सूचना होती, ती मी घोकत घरी आले: तहानलेल्या पिल्लांना एकदम भांडं भरून देऊ नका, थोडं-थोडं, वरचेवर. मीठ चढलेल्या अंगात पाणी एकदम गेलं तर मेंदूला सूज येते. त्या दिवशी रात्री अकरापर्यंत नाना आणि मी आळीपाळीने बशा भरत होतो. टोपलीतलं पिल्लू तरीही पहाटे गेलं. बारा उरली.

नानांना सांगणं हेच सगळ्यांत अवघड होतं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, मीठ तर आपणही खातो. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून भर दुपारी डोक्यावर पंचा टाकून भांडी बघायला तेच जातात, मला हात लावू देत नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी नमकीनवाल्याने विचारलं, बाबूजी, आज चूरा नहीं? नाना म्हणाले, डॉक्टर ने नमक मना किया है. तेव्हापासून तो दर रविवारी त्यांच्या बीपीची चौकशी करतो.