आमची वाटचाल: झोलिंगनच्या जुन्या खंजिरांची पारख

जर्मन लष्करी अधिकारी गणवेशावर लावत ते जुने खंजीर आम्ही तपासतो. ते कुठल्या काळातले, कुठल्या कारखान्यातले, त्यातलं किती मूळचं आणि किती मागाहून बसवलेलं, याचा लेखी अहवाल देतो. खरेदी-विक्री करत नाही. सुरुवातीला आप्तमंडळींनी समजावलं, की पैसा विक्रीत आहे. पण या धंद्यात वस्तूची किंमत सांगणारा आणि ती विकत घेणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. माळ्यावर आजोबांचा खंजीर सापडलेल्या बाईला "नक्कल आहे, पन्नास युरो देतो" म्हणणारा माणूस पारखी असेलही, पण तिचा सल्लागार नव्हे. म्हणून आम्ही शुल्क ठरावीक ठेवलं. खंजिराची किंमत शंभर युरो निघो की दहा हजार, आमचं शुल्क तेच.

मी पुण्यात धातुशास्त्र शिकलो आणि नोकरीनिमित्त झोलिंगनला आलो. वूपर नदीकाठचं हे शहर कित्येक शतकं तलवारी, सुऱ्या आणि कात्र्या घडवत आलंय. पात्यावर 'झोलिंगन' हे नाव कुणी घालावं, यालाही १९३८पासून कायद्याचं संरक्षण आहे. कारखान्यात पात्यांची तपासणी हे माझं काम होतं. सुट्टीचा दिवस ग्रेफ्राटच्या पात्यांच्या संग्रहालयात, नाहीतर धार लावण्यात हयात घालवलेल्या म्हाताऱ्या कारागिरांच्या गप्पांत जायचा. खरं शिक्षण त्यांच्याकडेच झालं. पत्नी इचलकरंजीची, शिक्षणाने वस्त्रतंत्रज्ञ. मुठीला गुंडाळतात ती चंदेरी गोंड्याची दोरी, पोर्टेपे, तिच्या ताब्यात असते. अतिनील दिव्याखाली दोरीचा धागा निळसर पांढरा चमकला, तर धागा दुसऱ्या महायुद्धानंतरचा असण्याची शक्यता बळावते, कारण कपड्यांना अशी चमक आणणारी रसायनं सर्रास वापरात आली ती नंतर.

१९३५ला आलेला भूदलाच्या अधिकाऱ्यांचा खंजीर आमच्याकडे सर्वांत जास्त येतो. परजेवर, म्हणजे मूठ आणि पातं यांमधल्या आडव्या भागावर, गरुड, मुठीच्या टोकाला ओकची पानं, मूठ पांढरी ते गडद नारिंगी. सुरुवातीच्या नगांचे धातूचे भाग जर्मन सिल्व्हरचे असत. पुढे स्वस्त धातूवर मुलामा आला. तो उडाला की खालचा करडा रंग दिसतो. सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकची मूठ तळव्याने जरा चोळून नाकाशी नेली, की कापराचा वास येतो, कारण ते बनवतानाच त्यात कापूर घालतात. देवघरात वाढलेल्या माणसाला हा वास शिकवावा लागत नाही. अर्थात वास आला म्हणून खंजीर अस्सल ठरत नाही. मग टोकाची टोपी उघडून मुठीत शिरणारा पात्याचा भाग बघायचा. तिथला गंज आणि आट्यांची झीज बाहेरच्या झिजेशी जुळली पाहिजे. बाहेर लख्ख आणि आत तांबेरा, किंवा उलट, म्हणजे जोडकाम.

जोडकाम म्हणजे लबाडीच असंही नाही. नौदलाचे खंजीर बघा. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, काळात मुठीच्या टोकावर मुकुट असे. राजेशाही गेली आणि तिथे ज्वाळांचा गोळा आला. १९३८ला त्याची जागा गरुडाने घेतली. पुष्कळ अधिकाऱ्यांनी नवा खंजीर न घेता जुन्याचंच टोक बदलून घेतलं. असा नग "बदललेला" म्हणून फेकून देणारे संग्राहक भेटतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. उलट १९४५नंतर कारखान्यांत उरलेले अस्सल सुटे भाग जोडून खंजीर विकले गेले. त्यात प्रत्येक भाग खरा, पण खंजीर मात्र कुणा अधिकाऱ्याच्या कमरेला कधी लागलाच नाही. तपासायला सर्वांत अवघड तेच.

पात्यावरच्या कारखान्याच्या खुणेबद्दल आम्ही अहवालात सविस्तर लिहितो. आइकहॉर्नची खार, होलरचा तापमापक, क्लासचे क्रौंच संग्राहकांना पाठ असतात. 'आल्कोसो' म्हणजे आलेक्झांडर कॉपेल, झोलिंगन. हे ज्यू कुटुंब. नाझी राजवटीत कारखाना त्यांच्या हातून गेला, पण त्यांच्या नावातून घडलेली ती खूण वेअरमाख्टच्या, म्हणजे नाझी काळातल्या जर्मन सैन्याच्या, खंजिरांवर उमटत राहिली. डॉ. आलेक्झांडर कॉपेल यांना १९४२ मध्ये तेरेझिनष्टाटच्या नाझी छळछावणीत पाठवलं आणि तिथेच त्यांचा अंत झाला. आल्कोसोच्या प्रत्येक अहवालात एवढं लिहिलेलं असतंच. एका ग्राहकाने हा परिच्छेद गाळायला सांगितला, तेव्हा आम्ही शुल्क परत केलं.

एसए आणि एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनांचे खंजीर आम्ही खासगी ग्राहकांकडून घेत नाही. संग्रहालयाने पाठवला तर तपासतो. जर्मन दंडसंहितेचं कलम ८६ अ स्वस्तिकासारख्या चिन्हांच्या जाहीर वापराला बंदी घालतं. संशोधन आणि शिक्षणाला सूट आहे. आम्ही त्या सुटीच्या आतच राहतो.

आता वारसाहक्काची वाटणी, विमा आणि छोटी संग्रहालयं इथून बरंच काम येतं. मध्यंतरी साताऱ्याकडच्या एका कुटुंबाने फोटो पाठवले. आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढलेले, आणि ट्रंकेत जर्मन हवाई दलाचा १९३७च्या नमुन्याचा खंजीर. तपासून अस्सल ठरला. तो विकावा की ठेवावा, असं त्यांनी विचारलं. ते आम्ही कुणालाच सांगत नाही. जपायचा कसा, ते मात्र लिहून कळवलं. सेल्युलॉइड जुनं झालं की त्यातून आम्ल सुटतं आणि शेजारचा धातू खातं, म्हणून हवाबंद डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये.

तुम्हालाही विचारायचं असेल, तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढा: दोन्ही बाजू, पात्यावरची खूण जवळून, परज आणि म्यानाची कडी. टोपी स्वतः उघडू नका. आणि पितळ चकचकीत करायची पावडर त्याला अजिबात लावू नका. एकदा गेलेला मुलामा परत येत नाही.