जर्मनीतल्या स्वतंत्र लुथरन चर्चचे सभासद होताना: माझा अनुभव

सी.एन.आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, 1970 साली नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उभी राहिली. त्या मंडळीत वाढलेल्या माझ्यासारख्याला जर्मनीतली 'झेल्क', म्हणजे स्वतंत्र इव्हँजेलिकल लुथरन चर्च, पहिल्यांदा हट्टी वाटते, कारण तिची मुळं एकीला दिलेल्या नकारात आहेत.

1817 साली प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म याने लुथरन (मार्टिन लुथरची शिकवण मानणाऱ्या) आणि रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या) मंडळ्यांना एकत्र आणायला सुरुवात केली. त्याच्या नव्या उपासनाविधीत प्रभुभोजनाची भाकर देताना पाळकाने म्हणायचं होतं, "आपला प्रभू येशू ख्रिस्त म्हणतो: हे माझे शरीर आहे." लुथरनांना खटकलं ते 'म्हणतो'. त्या एका शब्दामुळे भाकरीसोबत खरंच शरीर मिळतं की नाही, हे ज्याला जसं हवं तसं मानायला वाट राहते. विरोध करणारे ब्रेस्लाऊचे प्राध्यापक शायबेल निलंबित झाले, 1834 च्या डिसेंबरात होनिगर्न गावात नवा विधी लादायला सैनिकांनी चर्च बळाने उघडलं, काही जण ऑस्ट्रेलियाला निघून गेले. आजची झेल्क 1972 ची. 'स्वतंत्र' म्हणजे सरकारपासून स्वतंत्र. शिकवणीत मात्र ती घट्ट बांधलेली आहे.

पहिल्याच रविवारी प्रभुभोजनाला पुढे जाऊ नका. आधी पाळकाला भेटा, कुठल्या मंडळीतून आलात ते सांगा. इतर मंडळीच्या माणसाला ते सहसा भोजन देत नाहीत. वाईट वाटतं, पण मला हे योग्यच वाटतं: एका वेदीपाशी गुडघे टेकणाऱ्यांनी तिथे काय मिळतं याबाबत एकच कबुली द्यावी.

मग वर्ग सुरू होतात, लुथरच्या 1529 च्या लहान प्रश्नोत्तरावलीवर. दहा आज्ञा, विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना आपल्याला पाठच असतात. अडतं ते पापकबुली आणि प्रभुभोजनाशी. भाकर ही नुसती आठवण नाही, तिच्यासोबत ख्रिस्ताचं खरं शरीर मिळतं, हे मनापासून म्हणता आलं पाहिजे. जर्मन कच्चं असेल तर मराठी बायबल बरोबर न्या. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत. दाखल्याचं जर्मन भाषांतर मात्र आधीच करून ठेवा. स्त्रियांना पाळकपद नाही. यावर मंडळीत वाद चालू आहे आणि सी.एन.आय.च्या माणसाला हे जड जातं, म्हणून पाळकाला सुरुवातीलाच मोकळेपणाने विचारा.

सगळ्यात जास्त गोंधळ सरकारी कार्यालयात घरपत्ता नोंदवताना होतो. अर्जातल्या धर्माच्या रकान्यात लोक सहज 'इव्हँगेलिश' किंवा 'लुथेरिश' लिहितात. तसं लिहिलं की प्रांतिक चर्चचे (त्या-त्या प्रांतातल्या मोठ्या प्रॉटेस्टंट चर्चचे) सभासद धरून पगारातून चर्चकर कापला जाऊ शकतो: आयकराच्या 9 टक्के, बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 8. झेल्क हा कर घेत नाही. नंतर चूक निस्तरायला कागद आणि हेलपाटे लागतात, म्हणून रकाना भरण्याआधी पाळकाला विचारा. झेल्कचा खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीवर चालतो, पाळकाचा पगारसुद्धा. बिल येत नाही. रक्कम तुम्ही ठरवायची आणि दरमहा बँकेतून द्यायची.

प्रवेशाच्या रविवारी लवकर पोचा, कारण पुष्कळ ठिकाणी उपासनेआधी पापकबुली असते. वेदीपाशी गुडघे टेकायचे, पाळक डोक्यावर हात ठेवून क्षमा जाहीर करतात. नंतर भाकर देताना ते म्हणतात, "घ्या, खा, हे आपल्या प्रभू येशू ख्रिस्ताचे खरे शरीर आहे." या वाक्यात 'म्हणतो' नाही.