नवख्याची वही

लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, इतरांचे सुटे भाग बनवून देणारी आमची फर्म छोटी. एका जुन्या लेथवर सुरुवात झाली, ऑर्डरी वाढल्या तशा संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीन आल्या, माणसं आली. पण वाटचाल म्हटलं की मला आधी आठवतात त्या शिकाऊ पोरांच्या वह्या.

आमच्याकडे नवा मुलगा आला की त्याला पहिल्याच दिवशी वही मिळते. जे विचित्र वाटेल, जे कळणार नाही, ते लिहायचं. मिस्त्रींना हे सुरुवातीला अजिबात पटलं नव्हतं. ‘ज्याला अजून मापाचं व्हर्निअर धड धरता येत नाही, तो आपल्याला काय सांगणार?’ त्यांचंही खोटं नव्हतं. वहीतलं बरंचसं कामाचं नसतंच.

मशीनवर कापायचा भाग म्हणजे जॉब, आणि तो कापताना तापतो. एकाने लिहिलं होतं, ‘जॉब गार व्हायची वाट का बघतात? लगेच मोजला तर वेळ वाचेल.’ मिस्त्री हसले. गरम जॉब मोजायचा नाही, हे त्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं. पण का, ते आकड्यात कुणी विचारलंच नव्हतं. मग हिशोब मांडला. पोलाद अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं. म्हणजे १०० मिमी व्यासाचा जॉब २० अंशांनी गरम असेल तर ०.०२३ मिमी मोठा दिसणार. मापात चालणारा फरक, म्हणजे सूट, ०.०२ मिमी असेल तर थांबायलाच हवं. पण आमच्या कितीतरी ड्रॉइंगवर सूट ±०.१ असते आणि तिथेही आम्ही त्याच शिस्तीने ताटकळत होतो! आता कुठल्या जॉबला थांबायचं आणि कुठल्या नाही, हे जॉबकार्डावरच छापलेलं असतं.

दुसऱ्याचा प्रश्न सेटिंगचा, म्हणजे पुढच्या जॉबसाठी मशीन लावण्याचा. मशीन बंद करून मग जॉब पकडणारे जॉ, कापणारी टूल, पाने शोधायला का जातात? आधीचा जॉब चालू असतानाच ट्रॉलीवर लावून का ठेवत नाहीत? जपानच्या शिगेओ शिंगोंनी याच विचारावर अख्खी पद्धत उभी केली. १९६९ साली टोयोटात १००० टनी प्रेसचं सेटिंग बदलायला चार तास लागायचे, ते त्यांनी आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. त्या पोराला शिंगो माहीत नव्हते. त्याला फक्त दर सेटिंगला ‘तेरा-चौदाचा पाना आण’ म्हणून पळायचा कंटाळा आला होता.

कोर्टमार्शलमध्ये मतं विचारताना सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून सुरुवात करतात, म्हणजे वरिष्ठांचं ऐकून तो आपलं मत गिळत नाही. मीटिंगमध्ये आम्ही तेच उचललं. मी सगळ्यांत शेवटी बोलतो. मला ते जड जातं, हे ऑफिसातलं कुणीही सांगेल.

एक मात्र आहे, ही नवी नजर फार टिकत नाही. काही महिन्यांत तोच मुलगा ‘इथे असंच करतात’ म्हणायला लागतो. म्हणून वही सुरुवातीच्या आठवड्यांतच वाचायची, आणि जे घेणार नाही त्याचं कारण त्याला तोंडावर सांगायचं. उत्तरच मिळालं नाही तर पुढची पानं कोरी येतात.

सूचना घेतली की सेटिंग शीटवर त्या मुलाचं नाव लागतं. पोरांना त्याचं फार अप्रूप. पगारवाढीचं अर्थात वेगळं बघावंच लागतं.