उझहोरोदचा बेत

आजची दुपार नकाशात गेली. नवरा डॉक्टरकी शिकला उझहोरोदला, म्हणजे युक्रेनच्या स्लोव्हाकिया सीमेवरच्या शहरात, त्यामुळे युक्रेन म्हटलं की याच्या डोक्यात कीव्ह नाही, उझ नदीचा काठ! तिथे दोन किलोमीटरहून लांब लिंडन झाडांची रांग आहे, १९२८ साली लावलेली. हा जूनवर अडून, लिंडनच्या वासासाठी. मला हवाय एप्रिल, तेव्हा तिथल्या गालागोव भागात साकुरा (जपानी चेरी) फुलतो. (जिंकणार मीच.) सकाळी किल्ला, दुपारी पॅप्रिका घातलेला बोग्राच रस्सा, मग नुसतं कॉफी पीत बसायचं. धावपळ अजिबात नाही.

२४ फेब्रुवारी २०२२पासून तिथलं आकाश प्रवासी विमानांना बंद, म्हणून वाट स्लोव्हाकियातल्या कोशित्सेवरून. जायचं अर्थात युद्ध थांबल्यावरच. तरी यानं व्हिसाच्या कागदांची यादी आजच काढलीय. उत्साही माणूस!