आमची वाटचाल: एक 407, काकांचं दाभण आणि 'न्यू' नसलेली पाटी

आमची फर्म लोकांचं घरसामान बांधून हलवते. तिचं नाव पुण्यात दोन पाट्यांवर दिसतं. त्यातली 'न्यू' नसलेली पाटी आमची. सुरुवातीलाच सांगते, कारण आजही फोनवर पहिला प्रश्न येतो, 'न्यू'वाले तुम्हीच का, आणि दर वेळी तोच खुलासा करताना माझा जीव तुटतो.

1996 साली आमच्या ह्यांनी जुना 407 टेम्पो घेतला आणि मार्केट यार्डात भाड्याला लावला. कांदा, बटाटा, गुळाच्या ढेपा. घरसामानाचं भाडं मधूनच मिळायचं आणि ते कोणालाच नको असायचं. बटाट्याच्या पोत्याला धक्का लागला तर काही बिघडत नाही, आजीच्या आरशाला लागला तर बिघडतं. तेव्हा पॅकिंग हे टेम्पोवाल्याचं काम नव्हतंच. घरातल्या बायका जुन्या चादरींत गाठोडी बांधायच्या, हमाल उचलायचे, वर ताडपत्री पडायची, झालं.

मी या धंद्यात आले ती स्वयंपाकघरातून. सदाशिव पेठेतल्या वाड्यातून एक कुटुंब कोथरूडला निघालं होतं. त्या घरातल्या आजींनी हमालांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच अडवलं: माझ्या बरण्यांना आणि देवांना कोणी हात लावायचा नाही. मी ह्यांच्याबरोबर हिशोबाला गेले होते. पदर खोचला आणि फडताळापुढे बसले. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर प्लास्टिक, त्यावर झाकण, त्यावर फडकं, मग सुतळी. बरणी उभी, आजूबाजूला गोधडीचे तुकडे. कोथरूडला पोचल्यावर आजींनी प्रत्येक बरणी उलटसुलट करून बघितली आणि शेजारणीला सांगितलं, हिला बोलाव. पुढची कामं अशी शेजारणींच्या तोंडून मिळत गेली. 'बाईमाणूस काय सामान हलवणार' असं यार्डात म्हणणारे होतेच. त्यांतल्या काहींची घरं नंतर मीच हलवली.

पण आमची फर्म उभी राहिली ती काकांमुळे. काका वेल्ह्याकडचे, मार्केट यार्डात हमाली करत, दुपारी हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर'मध्ये जेवत. डोक्यावर ओझ्याखाली घ्यायची चुंबळ आणि कमरेच्या पिशवीत दाभण, म्हणजे गोणपाट शिवायची जाड सुई. बबल रॅप, स्ट्रेच फिल्म, पाच प्लायची म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याची खोकी हे सगळं फार नंतर आलं. आमच्याकडे होतं गोणपाट, पेंढा आणि बोहरी आळीतून आणलेली सुतळी. सागवानी कपाट असेल तर काका आधी त्याला जुनं सुती लुगडं गुंडाळत, कारण गोणपाट थेट लागलं की पॉलिश खरवडतं. मग गोणपाट ताणून तिरप्या टाक्यांनी शिवत, आणि चारही कोपऱ्यांना हाताएवढे कान सोडत. उचलणाऱ्याच्या बोटांना पकड मिळते ती त्या कानांची. वाड्याच्या अंधाऱ्या, अरुंद जिन्यातून ते कपाट खाली येताना काका खालच्या बाजूला उभे राहत आणि एकच सांगत, "ताई, बोलू नका. मला लाकडाचा आवाज ऐकू द्या." कपाट कुठे अडतंय ते त्यांना आवाजावरून कळायचं.

ती शिस्त आम्ही आजही सोडलेली नाही. आमची मुलं पॉलिशच्या लाकडाला बबल थेट लावत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत बबलचे गोल वण पॉलिशवर उठतात आणि ते जात नाहीत. आधी फोम किंवा कापड, मग बबल, मग पुठ्ठ्याचा रोल. धंद्यातल्या लोकांनी हे वाचलं तर कृपा करून आपल्या पोरांना सांगा.

आता वहिनींबद्दल, म्हणजे आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाबद्दल. त्यांचे यजमान राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी, त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी बदली. पुणे, जळगाव, नागपूर, कोल्हापूर आणि परत पुणे, एवढी सगळी बिऱ्हाडं आम्ही हलवली. वहिनींची एक लांब वही असायची. डाव्या पानावर वस्तू आज कुठे आहे ते, उजव्या पानावर नव्या घरात ती कुठे जाणार ते. खोक्यावर नाव लिहायचं ते उजव्या पानावरचं. आपल्याकडे लोक 'मागची खोली' असं लिहितात, आणि नव्या घरात मागची खोलीच नसते. मग सगळी खोकी दिवाणखान्यात येऊन साचतात आणि महिनाभर तशीच राहतात. दुसरं, नाव आणि नंबर खोक्याच्या दोन बाजूंना लिहायचं. झाकणावर लिहिलेलं थप्पी लागली की कोणालाच दिसत नाही. आमच्या फर्मची छापील यादी आजही वहिनींच्या वहीवरूनच आखलेली आहे, उजवं पान तेवढं जास्त रुंद.

पहिल्या रात्रीची पेटीही त्यांचीच. चहा, साखर, गाळणं, दोन पातेली, काडेपेटी, बल्ब, स्क्रूड्रायव्हर, औषधं, चार्जर, एक चादर. ती गाडीत सगळ्यात शेवटी चढते आणि सगळ्यात आधी उतरते. देव, दागिने आणि कागदपत्रं मात्र गाडीत नाहीत, स्वतःच्या हातात. आम्ही मागितलं तरी देऊ नका.

त्यानंतरच्या वर्षांत दुसरी गाडी आली, वाकडला गाळा घेतला, हिंजवडीच्या आयटी कंपन्यांमुळे काम वाढलं, मुलं शिकली. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही.

लिहायचं आहे ते 'न्यू'वाल्याबद्दल. नाव घेणार नाही. आमच्याकडे तो सर्व्हेला जायचा. घर बघायचं, सामान मोजायचं, दर द्यायचा. बोलायला गोड, इंग्रजी चांगलं, माझ्या मुलांबरोबर जेवलेला. 2016 च्या दिवाळीआधी त्याने काम सोडलं, आणि त्याच्याबरोबर आमचं चौकशीचं रजिस्टरही गेलं. पुढच्या उन्हाळ्यात पाटी लागली. आमचंच नाव, आधी 'न्यू'. अक्षरांचा रंग तोच, हातात खोकं धरलेलं चित्र तेच. दर आमच्या निम्मा.

निम्म्या दरात पुणे-बेंगळुरू दोन बीएचके कसं परवडतं, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. परवडत नाहीच. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता, खोकी, लोडिंग-अनलोडिंग, कुठेही बेरीज बसत नाही. सामान निघेपर्यंत दर गोड असतो. गाडी भरली की फोन सुरू होतात: वजन जास्त भरलं, कर्नाटकच्या सीमेवर कोगनोळीला एंट्री टॅक्स भरायचा आहे, पैसे टाका नाहीतर सामान उतरवतो. एंट्री टॅक्स 1 जुलै 2017 पासून जीएसटीत विरून गेला, पण हे फोन 2018 मध्येही चालू होते. संसार दुसऱ्याच्या गाडीत अडकलेला माणूस वाद घालत नाही, पैसे टाकतो.

2018 च्या मे महिन्यात एक निवृत्त मास्तर आमच्या गाळ्यात आले. मुलीचा संसार बेंगळुरूला निघाला होता आणि आठवडा उलटला तरी गाडीचा पत्ता नव्हता. त्यांनी पावती टेबलावर आपटली आणि मला चोर म्हणाले. इतक्या वर्षांत तो शब्द मला कोणी लावला नव्हता. पावतीवर नाव आमचं, त्याआधी बारीक अक्षरात 'न्यू', फोन नंबर वेगळा. गाळ्यात दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती काही न बोलता उठून गेली. मास्तरांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आमच्या पावतीचं पुस्तक त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांना पटायला वेळ लागला. मग हे आणि काका त्यांना घेऊन निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरात गेले. काकांच्या ओळखीचे हमाल तिथे आहेत. संध्याकाळपर्यंत विचारत फिरले तेव्हा एका पत्र्याच्या गोदामात सामान सापडलं. ते पुण्याच्या बाहेर गेलंच नव्हतं, पार्ट लोड, म्हणजे गाडी भरायला त्याच वाटेचं दुसऱ्या कोणाचं सामान, मिळेपर्यंत पडून होतं.

ते पॅकिंग मी डोळ्यांनी पाहिलं. तीन प्लायची जुनी खोकी, तळाला टेपची एकच पट्टी. मिक्सरचं भांडं कढयांबरोबर. काचेच्या ताटल्या आडव्या, एकीवर एक. टीव्ही गादीखाली सपाट झोपवलेला. काचेची ताटली कडेवर उभी ठेवायची असते, टीव्ही उभाच न्यायचा असतो, हे त्याला आमच्याकडेच शिकवलं होतं. पोलिसांना बरोबर नेल्यावर सामान सुटलं. काकांनी ते आमच्या गाळ्यात आणवलं, नव्याने बांधलं आणि आमच्या गाडीने बेंगळुरूला पोचवलं. मास्तरांकडून डिझेलचेही पैसे घेतले नाहीत, कारण पावतीवर आमचं नाव होतं.

मास्तर एकटे नव्हते. तशा तक्रारी घेऊन माणसं येतच राहिली. इंटरनेटवर आमच्या नावाखाली एक-एक चांदणीचे अभिप्राय साचले. व्यवसायांची ऑनलाइन यादी चालवणाऱ्यांना लिहिलं, तर उत्तर आलं की दोन्ही व्यवसाय नोंदणीकृत आहेत. पोलीस ठाण्यात सांगण्यात आलं की नावाचं भांडण दिवाणी आहे. हिंजवडीच्या ज्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांचं सामान आम्ही वर्षानुवर्षं हलवलं, तिने एका ओळीच्या मेलने काम थांबवलं. पगाराला पैसे उरले नाहीत तेव्हा दुसरी गाडी विकली. काकांनी पगार घ्यायचा थांबवला आणि पोरांना म्हणाले, "ताईंचा गाळा बंद झाला तर मला पुन्हा चुंबळ शोधावी लागेल, तुम्हालाही."

वहिनींना कोणाकडून तरी कळलं. यजमान तोवर निवृत्त झाले होते, पण बँकेतली सगळी मंडळी ओळखीची. बदल्यांचे हुकूम निघाले तसे त्यांनी एकेका घरी फोन लावले. स्वतःची वही घेऊन गेल्या, नागपूरहून कोल्हापूरला आलेली काचेची समई आणि तिचं वहीतलं पान दाखवलं. त्या पावसाळ्यापर्यंत आमची उरलेली गाडी रिकामी उभी राहिली नाही. त्यानंतर 2020 ची टाळेबंदी आली, ती सगळ्यांनीच भोगली. आम्हाला खरा धक्का दिला तो त्या 'न्यू'ने.

नावाची नोंदणी करून घेतली. छोट्या धंदेवाल्याला सांगते, शॉप अ‍ॅक्टचा, म्हणजे दुकान नोंदणीचा, दाखला म्हणजे नावाची मालकी नव्हे. ट्रेड मार्कसाठी आपला वर्ग 39, वाहतूक-पॅकिंग-साठवणूक सगळं त्यातच येतं. ऑनलाइन अर्ज केला तर एकट्या मालकाला आणि लघुउद्योगाला एका वर्गाची सरकारी फी 4500 रुपये, आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. वकिलाने असंही सांगितलं की नोंदणी नसली तरी आधीपासून वापरात असलेल्या नावासाठी कोर्टात दाद मागता येते, फक्त जुनी बिलं, पाट्यांचे फोटो, बँकेचे कागद जपून ठेवलेले हवेत. आमच्याकडे 1996 पासूनची पावतीपुस्तकं आहेत. दावा चालू आहे.

आता गिऱ्हाइकांसाठी थोडं. कोणी विचारलेलं नाही, तरी लिहिते, कारण रोज तेच बघते.

घर बघितल्याशिवाय फोनवर पक्का दर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. माळा न बघता दर देता येतच नाही. आवरायला सुरुवातही माळ्यापासूनच करा, तीन आठवडे आधी, आणि स्वयंपाकघर शेवटी. पुस्तकं लहान खोक्यांत, नाहीतर खोक्याचा तळ सुटतो. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा, उभाच न्या, पोचल्यावर काही तास तसाच राहू द्या. फ्रंट लोड वॉशिंग मशीनबरोबर मागच्या बाजूचे लांब ट्रान्झिट बोल्ट येतात. बसवताना ते काढतात आणि लोक फेकून देतात. ते नसतील तर ड्रम प्रवासभर आत आदळत राहतो. आजच उठा आणि ते बोल्ट कुठे आहेत बघा, सापडले तर मशीनच्या पाठीलाच पिशवीत चिकटवून ठेवा. पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं, फर्निचर एकदा खोललं की स्क्रूची भोकं आधीसारखी धरत नाहीत. होईल तेवढं अख्खं न्या. आईच्या सागवानी पलंगाला ही भीती नाही, तो दहा वेळा खोला. गॅस सिलिंडर आम्ही गाडीत घेत नाही. परगावी जात असाल तर एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जुनं कनेक्शन बंद केल्याचा कागद, घ्या, नव्या गावी तेच दाखवून कनेक्शन मिळतं.

बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराने माल घेतल्याची पावती, हातात आल्याशिवाय गाडी सोडू नका. गाडीचा नंबर बिल्टीवर आहे तोच गाडीवर आहे का, बघा आणि दोन्हींचा फोटो घ्या. विम्याचे पैसे घेतले असतील तर विमा कंपनीचा कागद मागा, वाहतूकदाराच्या शिक्क्याचा चालणार नाही. नुकसान झालं तर लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत द्यायची असते, कायद्यात तसं आहे. तोंडी भांडण त्यात धरलं जात नाही.

भाडेकरार बहुतेक महिनाअखेर संपतात, त्यामुळे 30 आणि 31 तारखेला सगळं पुणे एकाच वेळी हलतं. त्या दोन दिवशी रोजंदारीवरची नवखी पोरं कोणाच्याही गाडीवर चढतात. घरमालकाशी बोलून शक्य झालं तर 10 ते 20 मधली तारीख घ्या. त्या दिवसांत काका स्वतः येतात. आता ते उचलत नाहीत, दारात खुर्ची टाकून बसतात आणि पोरांनी बबल थेट लाकडाला लावला की उठतात.