फ्लाइट कधीची?

शिरोडा, शनिवार रात्री

"आपकी फ्लाइट कब की है?" कालपासून हे एकच वाक्य डोक्यात फिरतंय. कुणी अपमान केला नाही, कुणी आवाज चढवला नाही. विचारणारी मुलगी तर इतकी छान हसत होती की तिच्यावर रागावताही येत नाही. तरी काल झोप लागली नाही, आणि आज दिवसभर आमच्या दुकानात बसूनही मन पणजीतल्या त्या बेकरीच्या काउंटरपाशीच.

माईचं सकाळचं काम अकराच्या आत उरकलं. त्याबद्दल आज लिहायचं नाही. रिपोर्ट बुधवारी येईल, तेव्हा बघू. बाहेर पडल्यावर माईच म्हणाली, "आता इलवच तर पाव घेवन जावया." तिच्या तोंडून खाण्याची गोष्ट निघाली म्हणून मला इतका आनंद झाला की मी बाबलला म्हटलं, नुसता पाव कशाला, आज पणजीतल्या सगळ्या बेकऱ्या बघूया. किती दिवस मनात होतं. दुपारी एकच्या सुमाराला पणजीतली दुकानं बंद होतात ती थेट साडेतीनपर्यंत, त्यामुळे हातात दोनच तास.

पहिल्यांदा म्युनिसिपल गार्डनजवळचं मिस्टर बेकर १९२२. साल नावातच आहे, वेगळं सांगायला नको. पोर्तुगीज असतानाची चाळीस वर्षं आणि नंतरची साठ या दुकानाने पाहिली. मग कॅफे सेंट्रल, १९३२ चं. तिथला मश्रूम सामोसा सगळे सांगतात आणि सगळे बरोबर सांगतात. माईने अर्धा खाल्ला, उरलेला अर्धा कागदात गुंडाळून फाईलच्या पिशवीत ठेवला. मग फोन्तेन्हासमध्ये ३१ जानेवारी रोडवर, त्या रस्त्याचंच नाव लावणारी कॉन्फेइतारिया, म्हणजे केक-मिठाईचं दुकान. तीही १९३० च्या दशकातली. गल्ली इतकी चिंचोळी की बाबल गाडी घेऊन बाहेरच थांबला. मी आत जाऊन बोलिन्हा घेतल्या. रवा आणि ओलं खोबरं, वर सुरीने ओढलेल्या आडव्या-उभ्या रेघा. बाहेरून खुसखुशीत, आत जरा ओलसर. आपल्याकडची रव्याची नानकटाई मला यापुढे आवडेल की नाही, शंका आहे.

करंजाळ्याला पादारिया प्राझेरेसलाही गेलो. ते नव्या पिढीचं, सगळं काचेत मांडलेलं. पण तिथला पास्तेल द नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचा छोटा पोर्तुगीज टार्ट, खाऊन माई गप्प झाली आणि मग म्हणाली, "ह्याच्यात अंड्याचो वास कसो नाय?" तिच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळत नाही. एक मात्र खरं, नाता तिथेच उभ्याने खायचा. घरी आणायचा पदार्थ नव्हे तो, वरचा पापुद्रा तासाभरात मऊ पडतो.

आणि मग ते दुकान. नाव लिहीत नाही, दुकानाचा दोष काहीच नाही. बेबिंका, ती थराथरांची गोवेकरी मिठाई, घ्यायची होती. मुलीने खोका काढला आणि विचारलं, फ्लाइट कधीची आहे, त्याप्रमाणे पॅक करते. मला आधी कळलंच नाही ती कुणाशी बोलतेय. मागे वळून पाहिलं, मागे कुणीच नव्हतं. मी म्हटलं, "विमान नाही हो. आम्ही शिरोड्याची."

आणि तिचा चेहरा उजळला! हिंदी गेली, कोंकणी आली. "तुमी शिरोड्याचीं? फोंड्यालागचें?" तिची कुणी मावशी तिथे असते, कामाक्षीच्या देवळाजवळ. ती भराभर बोलत होती, मला सगळं कळत होतं, मी मान हलवत होते. बेबिंकेचा दुसरा खोका काढला तिने, "हो ताजो, हो घेयात" म्हणाली. अर्धं मिनिट असेल. मग मी म्हटलं, ते शिरोडा नव्हे, आमचं वेंगुर्ल्याकडचं, आरोंद्याच्या पुलापलीकडे. "ओह, महाराष्ट्र," ती म्हणाली. हसू तसंच होतं, पण पुन्हा हिंदी. "तो गाड़ी से जाओगे? फिर तो कोई टेन्शन नहीं."

काहीच झालं नाही. पैसे दिले, बाहेर आले. पण त्या अर्ध्या मिनिटात मला इतकं बरं का वाटलं, हे कालपासून सुटत नाही. आणि ते गेल्यावर इतकं ओकंबोकं का वाटलं?

गाडीत बसल्यावर मनात काय काय आलं. पणजी आम्हाला पुण्यामुंबईहून किती जवळ. आमची माणसं तिकडे कामाला, तिकडची लग्नं इकडे, रवळनाथ दोन्हीकडे, सातेरी दोन्हीकडे. तेरेखोलचा किल्ला तर नदीच्या अलीकडे, आमच्या रेडीला चिकटून, आणि तरी तो गोव्याचा. १७४६ पर्यंत तो सावंतवाडीकरांचा होता, मग पोर्तुगीजांनी घेतला, आणि त्या एका लढाईची रेघ अजून तिथेच आहे. गोव्याच्या माणसाला गाडीरस्त्याने तेरेखोलला जायचं तर आमच्या हद्दीतून जावं लागतं, नाहीतर केरीहून फेरी. अशा ठिकाणी राहून आपण पाहुणे कसे? एमएच-०७ ची पाटी बघून पोलीस हात करतो तेव्हाही हेच वाटतं. २०२० मध्ये सीमा बंद झाली तेव्हा बाबल इकडे आणि त्याची नोकरी तिकडे. ते असो. आबा १९६७ च्या जनमत कौलाची गोष्ट सांगायचे, गोवा महाराष्ट्रात यावा की वेगळा राहावा त्याची, म्हापशाच्या चौकात ऐकलेली भाषणं, भिंतीवरच्या घोषणा. गोवा वेगळा राहिला याचं त्यांना वाईट वाटलं की बरं, ते मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मला वाटतं, मला त्या मुलीकडून काहीतरी हवं होतं जे तिच्याकडे नव्हतंच. ती बेबिंका विकत होती.

बेबिंकेबद्दल लिहायलाच हवं, कारण काल रात्री जेवण झाल्यावर खोका उघडला आणि माईने सुरीने थर वेगळे करून दाखवले. मैदा, नारळाचं दाट दूध, अंड्यांचा पिवळा बलक, साखर, तूप, जायफळ. सामान एवढंच. पण एक थर ओतायचा, तो वरून भाजायचा, त्यावर तूप, मग दुसरा थर, असे सात तरी हवेतच. हल्ली ओव्हन असतात, पण जुनी पद्धत म्हणजे भांड्यावर झाकण आणि झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे. थर भाजला जातो तो वरच्या आचेने. एक थर घाईत कच्चा राहिला तर पुढचे सगळे बसतात. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा मला वाटलं होतं, एका गोड पदार्थाचं काय एवढं. आता वाटत नाही. अख्खी दुपार चुलीपुढे बसून राहणाऱ्या बायकांच्या धीराला कुणीतरी कागदावर मान दिला, चांगलंच झालं.

माई म्हणाली, "ह्या धोंडसासारख्याच गो. वरसून इंगळे." आणि खरंच की! तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसून, रवा, गूळ, खोबरं घालून आजी धोंडस करायची तेव्हा टोपाच्या झाकणावर निखारे ठेवायची. खाली मंद, वर जास्त. तिकडे अंडी आणि साखर, इकडे तवसं आणि गूळ, आच तीच. हे मला आजवर कसं सुचलं नाही कोण जाणे. यावर मी माईशी तासभर बोलले असते, पण तिचे डोळे मिटायला लागले होते.

परतताना म्हापशाला थांबलो. शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. आबा याच बाजारातून कापडी पिशवीत पोया आणि कांकणं आणायचे. संध्याकाळ होत आली होती, पाववाले टोपल्यांवरची निळी प्लास्टिकं उचलून बसलेले. बेकऱ्यांत जे मिळतं ते छानच, पण गोव्याचा पाव म्हणजे पोदेराचा, पाव भाजणाऱ्याचा पाव. लाकडाच्या भट्टीतला. पूर्वी पीठ माडाच्या सुरेवर फुगायचं, आता बहुतेक ठिकाणी यीस्टवर. पोई, वरून कोंडा लावलेली, आत पोकळ. उंडो, गोल, कडक सालीचा. कात्रे पाव, कात्रीने कापून फुलपाखरासारखा उघडलेला. आणि कांकण, हातातल्या बांगडीएवढं, कुरकुरीत, चहात बुडवायला. जेजुइट पाद्र्यांनी गोव्यातल्या साष्टी तालुक्यात लोकांना पाव भाजायला शिकवलं, माजोर्डा गाव त्यासाठी प्रसिद्ध झालं, आणि तिथलीच माणसं पुढे मुंबईपर्यंत भट्ट्या घेऊन गेली. आज कितीतरी भट्ट्यांवर कर्नाटकातली आणि त्याच्याही पलीकडची पोरं राबतात, कारण पोदेरांच्या मुलांना पहाटे दोनला उठायचं नाही. त्यांना दोष कसा द्यायचा? पण सकाळ-संध्याकाळ सायकलचा भोंगा वाजवत पोदेर दारात येतो, ते बंद होऊ नये असं फार वाटतं.

तर माई टोपलीपाशी वाकली आणि पोई दाबून बघायला लागली. पाववालीने हात बाजूला सारला नाही. "घरा पावतासर थंड जातली, गॅसार तापोवन खा," ती म्हणाली. "माका म्हायत आसा गो," माई. "खंयच्यो तुमी?" "आरोंद्यापलीकडच्यो." "म्हजी भयण आरोंद्याक दिल्या!" मग कुठल्या घरात, कुठल्या वाड्यात, सासू आहे का, सगळं झालं. माई मालवणीत, ती कोंकणीत, दोघींपैकी कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही. मी पिशवी धरून उभी. दहाच्या नोटा मोजता मोजता माईने तिच्या सुनेच्या बाळंतपणाचीही चौकशी केली.

गाडीत मी माईला दुपारचा प्रकार सांगितला. फ्लाइटचा, दुसऱ्या शिरोड्याचा, सगळा. ती ऐकून म्हणाली, "तिना बरोबर इचारल्यान. विमानात नेवचा तर घट बांधूक व्हया." आणि खिडकीकडे तोंड करून बसली. तिला यात लागण्यासारखं काही दिसलंच नाही. मला आधी वाटलं, तिला कळलं नाही. मग सीमेवरच्या किरणपाणीपर्यंत मीच गप्प बसले.

माईला कधी कुणी आपलं म्हणावं लागत नाही. ती विचारते, कुठल्या घरात दिली, आणि मग समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. मी त्या मुलीला तिच्या मावशीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. कामाक्षीच्या देवळाजवळ म्हणजे कुठे, एवढं जरी विचारलं असतं तरी चाललं असतं, मी कुठल्या का शिरोड्याची असेना. मी नुसती वाट बघत राहिले की ती मला आत घेते का. आज संध्याकाळपासून तो काउंटर जरा कमी आठवतोय. अजून आठवतोय, पण टोचत नाही तितका.

काल रात्री बांगड्याचं तिखलं आणि पोई. गॅसवर थेट तापवलेली, कडेने जराशी करपलेली. माईने दीड खाल्ली. किती दिवसांनी तिने दीड काही खाल्लं, ते वहिनीनेही पाहिलं, कुणी बोललं नाही.

पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. पणजी सकाळीच करायची, एकच्या आत. नाता तिथेच संपवायचे. बेबिंका कधीही घ्या, ती टिकते. पाव मात्र शेवटी, सीमेच्या जितका जवळ तितका बरा, कारण दुसऱ्या दिवशी पोई वातड होते आणि मग तिला कुणी विचारत नाही. कांकणं दुप्पट घ्यायची. लोटलीची जिला बेकरी या खेपेला राहिलीच, तिथल्या एक्लेअर्ससाठी लोक मडगावहून येतात. बाबल नकाशा बघून म्हणाला की लोटलीहून बोरीचा पूल ओलांडला की ते दुसरं शिरोडा जवळच आहे. माईने लगेच विचारलं, कामाक्षीची ओटी भरायला खण इथून न्यायचा की तिथे मिळेल. आता बुधवारचं कळलं की दिवस ठरवायचा.